बाबांच्या आवाजातली रिकामी जागा

माझ्या लॅपटॉपवर आठ फायली आहेत. आठ संध्याकाळी बाबा फोनवर जे बोलले ते त्यांत आहे. बाबांचा आवाज म्हणून जगात आता एवढंच शिल्लक आहे, आणि त्यालाही जागोजागी भोकं पडलेली आहेत. ती भोकं मी पाडली. टॉवरने नाही, बाबांच्या फोनने तर मुळीच नाही. हे एकदा नीट लिहून काढायचं म्हणून बसले आहे, कारण तोंडी सांगायला गेले की लोक लगेच माझी समजूत काढायला लागतात, आणि मला समजूत काढून घ्यायला आवडत नाही.

आधी माझं काम सांगते. एका मोबाइल कंपनीच्या नागपुरातल्या, सदर भागातल्या ऑफिसात मी नेटवर्क इंजिनिअर आहे. एकाच टॉवरवर, त्याच तारांवर, त्याच यंत्रांवर आम्ही वेगवेगळी नेटवर्कं तयार करतो. रुग्णवाहिकांसाठी एक, एखाद्या कारखान्यासाठी दुसरं, बाकी जनतेसाठी तिसरं. ती डोळ्यांना दिसत नाहीत, एकमेकांना ओळखत नाहीत. ज्याची जशी गरज तसं बेतून दिलेलं असतं. ऑफिसात याला स्लाइस म्हणतात. आमचे साहेब पुण्याहून बदलून आले आणि तेव्हापासून प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये त्यांनी संत्र्याचं चित्र घातलं: एक संत्रं, अनेक फोडी. मला त्या संत्र्याचा वीट आला आहे. नागपूर म्हटलं की माणसांना दुसरं काही सुचतच नाही. शिवाय उदाहरण चुकीचं आहे. संत्र्याच्या फोडींमधला पापुद्रा जन्मतः असतो. आमच्याकडे तो किती घट्ट ठेवायचा हे माणूस ठरवतो, आणि भंडारा रोडच्या पट्ट्यात तो माणूस म्हणजे मी.

बाबांना एकदा मी हे समजावून सांगितलं, तर ते संत्र्याच्या वाटेला गेलेच नाहीत. म्हणाले, "म्हणजे एसटीतली आमदाराची सीट म्हण ना वं. आमदार आला तं बसन, नाही आला तं कोणीबी बसते." मी म्हटलं, तशी ठेवता येते, आणि आमदार येवो न येवो, दुसऱ्याला बसू द्यायचंच नाही, अशीही ठेवता येते. पहिलीला आम्ही नरम म्हणतो, दुसरीला कडक. बाबांनी मान हलवली आणि भाजी कोणती केली ते विचारलं.

बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. माइकसमोर बसून गाड्या पुकारायच्या, लॉगशीट बघायची, ड्रायव्हर-कंडक्टरची भांडणं सोडवायची. "मौदा, भंडारा, लाखनी, साकोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे," हे मी शाळेतून येताना इतक्यांदा ऐकलं आहे की मला पाढ्यांआधी ते पाठ झालं. माइकवर ते शुद्ध बोलायचे आणि माइक बंद झाला की आमच्या गावचं. आवाज जाडा, थोडा नाकातून येणारा, 'भंडारा'मधल्या 'भ'वर दाबून बसणारा. घरात मात्र ते फारसे बोलत नसत. मोबाइल आल्यावर त्यांना वाचा फुटली. समोर बसून दोन वाक्यांत संपणारा माणूस फोनवर अर्धा तास बोलायचा. रिटायर झाल्यावर ते मौद्याच्या अलीकडे आमच्या गावी राहायला गेले, मी नागपुरात हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, आणि आमचं खरं बोलणं सुरू झालं ते असं, पस्तीस-चाळीस किलोमीटर मध्ये ठेवून.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज फाटायला लागला. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून दहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांनी आणि मीही कानाडोळा केला. मग गिळताना दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. पूर्ण. माणूस वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवसाची मिळाली.

हॉस्पिटलमध्ये वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्ताच आवाज रेकॉर्ड करून ठेवा. सगळे नंतर येऊन म्हणतात, राहून गेलं." मी त्याच दिवशी बाबांच्या फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, घसा खाकरला आणि परत माझ्याकडे दिला.

"कोण आयकून राहिलं?"

"कोणी नाही बाबा. रेकॉर्ड होते."

"मंग मी काय भिताडासंग बोलू? कोणी आयकाले असलं तं बोलन मी."

तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, मी ऐकते. रोज संध्याकाळी सहाला मी व्हिडिओ कॉल करीन, तुम्ही बोला, इकडे माझ्या लॅपटॉपवर आपोआप रेकॉर्ड होईल. त्यांना ते पटलं. ऑपरेशनपर्यंत हुडकेश्वरला येऊन राहा म्हटलं तर ते मात्र ऐकेनात. दसऱ्याला गावातून दीक्षाभूमीवर गाड्या निघतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणत्या गाडीत बसवायचं, कोणाच्या पिशवीत पाणी आहे, कोणाला उलटी होते म्हणून खिडकी द्यायची, हे सगळं बाबा करायचे, स्टँड सोडल्यापासून दरवर्षी. छप्पन्न साली त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन नागपूरला आली होती. ते दोन वर्षांचे होते, त्यांना त्यातलं काही आठवत नाही, पण आपण तिथे होतो हे ते फार अभिमानाने सांगत. "यंदाचं मले करू दे," म्हणाले. मी हो म्हटलं. खरं तर मला बरंच वाटलं, कारण दसऱ्याआधी आमच्या ऑफिसात मान वर करायला सवड नसते, आणि घरी आजारी माणूस असता तर माझी तारांबळ उडाली असती. हेही लिहिलंच पाहिजे.

याच दिवसांत कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. मौद्याकडे एक नवा कारखाना उभा राहत होता. आवारात बिनड्रायव्हरच्या गाड्या माल वाहणार, त्यांना क्षणभरही न तुटणारं स्वतःचं नेटवर्क हवं होतं. त्या बाजूला टॉवर आमचे आधीच होते, त्यांवर फक्त त्यांची स्लाइस करून द्यायची होती. त्यांतला एक टॉवर आमच्या गावाच्या शिवेवर, आमच्या घराच्या मागच्या दाराशी उभं राहिलं की दिसतो तो. मीटिंगमध्ये मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की हा टॉवर मला पाठ आहे.

डेमोच्या दिवशी कारखान्याची माणसं आली. डेमोला आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकासमोर माशी शिंकायला नको म्हणून त्या दिवसापुरती स्लाइस कडक करून ठेवायची. टॉवरची निम्म्याहून जास्त जागा त्यांच्या नावाने बांधून टाकायची, कोणी वापरो न वापरो. डेमो संपला की त्याच दिवशी परत नरम करायची. सगळे असंच करतात, आणि सगळे संध्याकाळपर्यंत सोडवतात. मीही कडक केली. त्यांच्या दोन चाचणीच्या गाड्या अशा सरळ रेषेत धावल्या की पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी संत्र्याची स्लाइड पुन्हा एकदा दाखवली. मग सगळे जेवायला गेले, मलाही ओढून नेलं. म्हटलं, उद्या सकाळी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज लागला होता. फ्रीज म्हणजे नेटवर्कला हात लावायची बंदी. दसऱ्याला लाखो माणसं नागपुरात येतात, कोणाच्या हातून काही बिघडू नये म्हणून त्याच्या आधीपासूनच सगळे बदल थांबवतात. नागपूरपुरतं त्या फ्रीजचं पत्रक दरवर्षी मीच काढते. तारीख मीच टाकली होती, आणि डेमोच्या गडबडीत मीच विसरले होते. आता हात लावायचा तर लेखी विनंती करायची, चूक कोणाची आणि कशी ते लिहायचं, वरच्यांच्या समितीपुढे उभं राहायचं. मी विचार केला, दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे. कारखान्याचं काम दिवाळीनंतर सुरू होणार. एका खेडेगावातला टॉवर, तिथे असं काय होणार आहे? त्या गावात जन्मलेल्या बाईने हा विचार केला.

खरं सांगते, तेव्हा बाबांचा आणि त्या टॉवरचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. टॉवर हे ऑफिस होतं आणि बाबा हे घर होतं. आमच्या यादीत प्रत्येक टॉवरखाली स्लाइसची नावं असतात आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं 'इतर'. बाबा त्या ओळीत राहत होते.

पहिल्या संध्याकाळी कॉल लागला. बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, भाषणाला बसावं तसे बसले होते. त्यांच्या आईबद्दल बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. दोन मिनिटं नीट गेली आणि मग आवाज तुटायला लागला. चित्र थांबायचं, तोंड उघडं राहायचं, आणि पुढचं वाक्य अर्ध्यावरून सुरू व्हायचं.

"बाबा, फोन सरळ धरा ना!"

"सरळच धरून राहिलो वं."

"मंग आंगणात जा. घरात रेंज नसन."

ते अंगणात गेले. तिथूनही तेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागच्या दारी पाठवलं, तिसऱ्या दिवशी ओट्यावर खुर्ची टाकायला लावली. चौथ्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले. नवा फोन घेऊन दिला तरी तुम्हाला वापरता येत नाही, असं म्हटलं. फायलीत ते माझं वाक्य अखंड आहे, एक अक्षर तुटलेलं नाही. बाबांनी त्यावर एवढंच केलं की ते मोठ्याने बोलायला लागले. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही कारण आपला आवाज कमी पडतोय. घशाला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तो माणूस ओट्यावर बसून ओरडत होता. आजूबाजूला सहा वाजता सगळं गाव आपापल्या फोनवर असायचं, आणि सगळे मिळून टॉवरच्या उरलेल्या चतकोरात अंग चोरून बसले होते. कोणी तक्रार केली नाही. आमच्याकडे लोक 'टावर डाऊन हाय' म्हणतात आणि फोन खिशात ठेवतात.

सहाव्या दिवशी दुपारी, डबा खाताना, मला अचानक सगळं लक्षात आलं. कसं आलं ते सांगता येणार नाही. हातातली पोळी तशीच ठेवून मी त्या टॉवरचा आलेख उघडला. 'इतर'ची रेघ सहाच्या ठोक्याला छताला टेकत होती. कारखान्याची रेघ तळाशी सपाट पडून होती. एवढी जागा राखून ठेवली होती आणि तिथे चिटपाखरू नव्हतं.

मी विनंतीचा अर्ज उघडला. कारण लिहिलं: डेमोनंतर राखीव जागा सोडवायची राहिली, चूक माझी. मग ते वाचत बसले. 'राखीव' हा शब्द मी कॉलेजपासून पाठीमागून ऐकत आले आहे. वीस वर्षं नोकरी झाली, तरी ऑफिसात मी चूक केली की ती माझ्या एकटीची धरली जात नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाकडून झालं तर 'राहून गेलं असेल' म्हणतात. माझ्याकडून झालं तर नजरानजर होते. त्या नजरेपायी मी वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, आणि त्या दुपारी त्याच नजरेपायी मी अर्ज पुसून टाकला. मनाशी म्हटलं, दोनच दिवस राहिले. दसऱ्याला बाबा येतीलच. मग ऑपरेशनपर्यंत दोन दिवस समोर बसवून सगळं पुन्हा बोलून घेऊ. गावी जाऊन यायला दोन तास लागले असते. दीक्षाभूमीभोवती तात्पुरते टॉवर उभे करायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून तेही केलं नाही.

सातव्या संध्याकाळी बाबांनी माझ्या आईचा विषय काढला. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी नवऱ्याचं घर सोडून आले ते तिला पटलं नाही. ती माझ्याशी बोलेनाशी झाली आणि तशीच गेली. शेवटचे सात-आठ महिने मी घरी गेले की ती ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. यावर बाबा कधी एक शब्द बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं, कारण मी तिचीच मुलगी.

त्या दिवशी बाबा म्हणाले, "तुही माय जायाच्या चार दिवस आंधी मले म्हणे का, पोरीले सांगजो..."

इथे फाइल थांबते. चौदा सेकंद. पडद्यावर बाबांचं तोंड उघडं, एक हात वर उचललेला. हाताची बोटं जराशी पसरलेली. चौदा सेकंदांनी ते एकदम हलतात.

"...तिले बोलाचंच होतं तुह्यासंग. पण सोभाव मालूम हाय ना तुले तिचा. चार साल झाले, माह्या मनात राहून गेलं होतं. आता सांगून टाकलं. आयकलं ना?"

त्यांना खोकल्याची उबळ आली होती. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ते वाक्य त्यांनी सगळा जीव एकवटून ओरडून सांगितलं होतं हे दिसत होतं. मला ठाऊक होतं की ते कुठे गेलं आणि का गेलं. आणखी एकदा सांगा, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मी म्हटलं, "हो बाबा. आयकलं."

ते हसले. इतके मोकळे हसले की मला पडद्याकडे बघवेना.

आठव्या संध्याकाळी ते दमले होते, पाच मिनिटं बोलले, तेही गाड्या किती ठरल्या आणि कोण कोण येणार याबद्दलच. माझं लक्ष नव्हतं. मी मनात प्रश्न जुळवत होते, दसऱ्याला भेटले की कसा विचारायचा.

दसऱ्याला दुपारी ते मला दीक्षाभूमीजवळ रस्त्याच्या कडेला भेटले. पांढरा सदरा, खांद्यावर निळा दुपट्टा, भोवती गावची पंधरा-वीस माणसं. ऊन मी म्हणत होतं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हटलं, बाबा, जेवले का? त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. सायकलच्या चाकातून निघते तशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पहाटपासून वरडून राहिले ना वं ते. तीन गाड्याईत मानसं बसवली. आवाजच बसला त्यायचा." बाबांनी हाताने 'होईल ठीक' अशी खूण केली. उरलेले दोन दिवस डॉक्टरांनी एक शब्दही बोलू दिला नाही. घशाला सूज होती, ऑपरेशन पुढे ढकलायचं नव्हतं. हुडकेश्वरच्या घरात दोन दिवस बाबा माझ्यासमोर बसून होते, लॅपटॉप उघडा होता, आणि रेकॉर्ड करायला काही नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूश होते. फ्रीज उठल्यावर मी त्या टॉवरवरची कडक जागा सोडवली. एवढ्यासाठी एक मिनिटही लागत नाही. कोणी काही विचारलं नाही. बदलाच्या नोंदीत कारण म्हणून 'नियमित देखभाल' असा एक तयार पर्याय असतो, मी तो निवडला.

बाबा घरी आले तेव्हा गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचा रुमाल. बोलायला मुलांची पुसायची पाटी घेतली होती. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं, ते पुढे घेऊ म्हणाले डॉक्टर. त्याचा आवाज मी हॉस्पिटलमध्ये ऐकला होता. तो ज्याने लावलं त्या प्रत्येकाचा सारखाच असतो.

मी आठही फायली परत परत ऐकल्या. कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर आणलं. खरखर काढता येते, गेलेलं आणता येत नाही. जे आलंच नाही ते कुठून साफ करणार? हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, तरी मी चार दिवस त्यात घालवले. बाबांना सरळ विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की त्या दिवशी मी 'आयकलं' म्हटलं ते खोटं होतं. ते पाटीवर रोज काहीबाही लिहायचे, वरणात मीठ कमी, पेपर कुठे आहे, आणि मी रोज उद्यावर ढकलायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ते बाल्कनीत उन्हाला बसले होते. मी शेजारी खाली बसले आणि सगळं सांगितलं. डेमो, विसरणं, फ्रीज, अर्ज लिहून पुसला ते. फोन तुमचा चांगला होता बाबा, तुम्ही बरोबर धरत होता. तुम्ही ओरडत होता आणि मला माहीत होतं. मी रडले. मला रडायचं नव्हतं, कारण रडलं की माफी मागणं सोपं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "कारखान्याचं काम तं नाही ना अडलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "त्यायचं काम सुरूच नव्हतं झालं बाबा. ती जागा कोणी वापरतच नव्हतं."

त्यांनी लिहिलं, "रिकामी?"

"हो."

बाबांनी नोकरीत कधी कोणावर हात उगारला नव्हता. एकदाच, उभ्या प्रवाशांना तसंच सोडून रिकामी गाडी काढणाऱ्या एका ड्रायव्हरची कॉलर धरली होती. मला वाटलं आता ते तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, माझ्या शाळेतल्या मार्कांत काय चुकलं ते शोधावं तसे.

मग मी विचारलं. "बाबा, त्या दिवशी मायनं काय म्हटलं होतं ते मले आयकू नाही आलं. लिहून द्या."

त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यात जास्त लागलं ते त्यांना हे. माझी चूक नाही, तर मनावरचं ते ओझं उतरलंच नव्हतं, हे. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. लिहायला लागले. एक ओळ लिहिली, तिच्याकडे बघितलं, ओठ हलवून मनाशी वाचली आणि पुसली. पुन्हा लिहिली. हाताने आडोसा केला होता, मला दिसत नव्हतं. पुन्हा पुसली. असं तीन-चारदा झालं. खाली भाजीवाल्याची गाडी येऊन गेली.

शेवटी त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. त्यावर लिहिलं होतं, "तिनं म्हटलं तसं लिवता नाही येत वं. ते बोलूनच सांगाचं होतं."